घरभरणीचा मलिदा: पोह्यांचा गोळा का होतो? शिवाय मेझुझा आणि शनिवार रात्रीचं गणित

ऐरोली_दोन_खोल्या

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री आठ वाजता ऐरोलीतल्या नव्या फ्लॅटमध्ये मलिदा आहे, म्हणजे गोड पोहे आणि फळांचं ताट मांडून देवाचे आभार मानायचा आमचा विधी. माणसं पंचवीस. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, ठाण्याहून येतील. पाहुण्यांत सात-आठ शेजारी आहेत, ज्यांना हा प्रकार नवीन. मलिद्यानंतर जेवायला चिकन-भात.

अडलंय ते असं. एक, पोहे धुऊन साखर-खोबरं घातलं की तासाभरात लगदा होतो आणि परातीत डोंगर उभा राहत नाही. पंचवीस जणांना प्रमाण काय? दोन, शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) संपायच्या आत काही करता येत नाही, मग आठची वेळ कशी गाठायची? तीन, मुख्य दाराला बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर आहे, तर मेझुझा (पवित्र ओळी लिहिलेल्या चर्मपत्राची, चौकटीला लावायची डबी) नेमकी कुठे बसवायची? आणि फळं पाचच लागतात की जास्त चालतात?

---

खवणी_आणि_परात

पोह्यांचं आधी सांगते. लगदा पाण्यामुळे होतो असं वाटतं, पण खरी गडबड साखरेची आहे. साखर ओल्या पोह्यांतलं आणि खोबऱ्यातलं पाणी ओढून घेते, स्वतः विरघळते आणि त्या पाकात पोहे परत भिजतात. म्हणून साखर सगळ्यात शेवटी, ताट मांडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी.

पंचवीस माणसांना जाडे पोहे १ किलो, मोठे नारळ ३ (खवून साधारण ७०० ग्रॅम), साखर ३५० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, पिस्ते ५०, बेदाणे १००, वेलदोडे पंधरा-वीस, जायफळ पाव, मीठ एक चिमूट. सगळं मिळून तीन किलोच्या आसपास होतं, म्हणजे माणशी एक भरलेली वाटी. मागून जेवण आहे, तेव्हा एवढं पुष्कळ.

कृतीत घाई करू नये. पोहे आधी मोठ्या भोकाच्या चाळणीने चाळायचे, तूस आणि भुगा खाली गेला पाहिजे. हा भुगाच पुढे चिकट होतो. मग चाळणीतच दोन पाणी, वरून हात न दाबता. पातेल्यात बुडवून ठेवायचे नाहीत. चाळणी तिरकी टेकवून वीस मिनिटं झाकून ठेवायची, मध्ये एकदा बोटांनी हलकं मोकळं करायचं. दाणा चिमटीत दाबला की आत कणी लागता कामा नये आणि बोटाला पीठही चिकटता कामा नये. कणी लागली तर पाण्याचा हबका मारा, परत धुऊ नका. जुने पोहे जास्त पाणी पितात, नवे कमी, त्यामुळे पाव किलोवर आदल्या आठवड्यात करून बघितलेलं बरं.

मोकळे झाले की खोबरं, वेलची, जायफळ, सुका मेवा. साखर शेवटी. पिठीसाखर नको, ती क्षणात पाणी सोडते. गूळही नको, रंग जातो आणि मलिदा ओला दिसतो. पांढराशुभ्र डोंगर, वर एक गुलाब, ते ताट दिसायलाच वेगळं असतं.

खोबरं करवंटीपर्यंत खरवडू नका. तपकिरी पापुद्रा आला की रंगही जातो आणि चवही तुरट होते.

---

पातळपोहे_पक्ष

जाड्या पोह्यांशी भांडण नाही, पण दुसरी पद्धतही आहे आणि ती चुकायला कमी जागा देते. पातळ पोहे घ्यायचे, धुवायचेच नाहीत. ओलं खोबरं आणि साखर आधी एकत्र कुस्करून अर्धा तास ठेवायची. पाणी सुटलं की त्यातच चाळलेले पोहे घालून वरखाली करायचे. तेवढ्या ओलाव्यात पातळ पोहा मऊ होतो. फार कोरडं वाटलं तर नारळाचं पाणी चमचा-चमचा शिंपडायचं. इथे साखर आधी घालणं हेच तंत्र आहे, वरच्या ताईंच्या नेमकं उलट. दोन्ही पद्धती मिसळल्या, म्हणजे पोहे धुतले आणि साखरही आधी घातली, की लापशी.

एक तोटा कबूल: पातळ पोह्यांचा मलिदा दोन तासांनी बसतो. पन्नासच्या वर माणसं असतील तर जाडेच घ्या.

---

घणसोली_नवखा

सहज सुचवतो, चमचाभर साजूक तूप चोळलं तर पोहे सुटे राहतील ना? शिऱ्यासारखे? वाटल्यास थोडं दूध.

---

खवणी_आणि_परात

दादा, इथेच ठेच लागते. मागून चिकन आहे म्हटल्यावर तूप, दूध, खवा काही चालणार नाही. मांस आणि दूध एका जेवणात येत नाही, आणि मलिदा त्याच जेवणाच्या पुढे-मागे खाल्ला जातो. ओलं खोबरं आणि नारळाचं दूध यांना ती अडचण नाही, म्हणून तर आपल्या सगळ्या गोडात नारळ. हलवा असो, सांदण असो, दुधाची जागा नारळाने घेतलेली असते. बाहेरच्या आचाऱ्याला नुसतं 'दूध नको' सांगून भागत नाही, तो तूप मोजतच नाही. तूप, लोणी, दही, खवा, मिल्क पावडर अशी नावं घेऊन सांगायचं. जेवणानंतरचा दुधाचा चहा आणि आइस्क्रीमसुद्धा याच यादीत. काळा चहा किंवा फळं ठेवा.

हलवा बाहेरून आणणार असाल तर तो चायना ग्रासचा आहे की जिलेटिनचा, हेही विचारा. चायना ग्रास समुद्री शेवाळाचा. जिलेटिन जनावराचं.

---

सहा_चाळीस

वेळेचं गणित मांडतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. त्यानंतर साधारण पाऊण तास धरा, म्हणजे पावणेसातला हात मोकळे. आठपर्यंत सव्वा तास मिळतो आणि तो पुरतो, पण शुक्रवारी दुपारी काय झालं आहे यावर सगळं अवलंबून आहे. शुक्रवारी दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लागतात, म्हणजे स्वयंपाकघर पावणेसहाच्या आत आवरलेलं हवं. घाईच असते.

शुक्रवारी करायचं: पोहे चाळून निवडणं, बदाम सोलून काप, वेलची-जायफळ पूड, नारळ फोडून खवणं, मनुकांचं सरबत गाळून बाटलीत, चिकनचा रस्सा शिजवून थंड करून फ्रीजमध्ये. फळं धुऊन पुसून.

नारळाबाबत एक बारकावा. खोबरं फ्रीजरमध्ये टाकायचा मोह होतो. टाकू नका. गोठलेलं खोबरं सुटताना भरपूर पाणी सोडतं आणि ताईंनी सांगितलेला सगळा खटाटोप वाया जातो. शिवाय ते शनिवारी दुपारी खाली काढून ठेवणं म्हणजे शब्बाथात रात्रीची तयारी करणं, तेही टाळायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात, साध्या फ्रीजच्या मागच्या भागात ठेवलं तर शुक्रवार चारपासून शनिवार रात्रीपर्यंत नीट टिकतं. मात्र खवल्यावर ओट्यावर तास-दोन तास राहिलं, तर फ्रीजमध्ये जाऊनही आंबूस होतं. खवलं की लगेच आत.

शनिवारी संध्याकाळी पोह्यांवर पाणी घालण्याआधी 'बारुख हामवदील बेन कोदेश लेहोल' एवढं तरी म्हणायचं. त्यानंतर काम सुरू करता येतं. पूर्ण हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायची प्रार्थना, पाहुणे आणि हजान आल्यावर सगळ्यांबरोबर करा. सरबत, सुगंध आणि दिवा तिथे लागतोच, आणि त्याला जोडून एलियाहू हनाबीचं (एलियाहू संदेष्ट्याचं) गाणं आलं की मलिदा ओघाने सुरू होतो. शब्बाथ सरल्यावर एलियाहूची आठवण काढणं ही जगभरच्या यहुदींची रीत. शनिवारची रात्र आपल्याकडे मलिद्याला सोयीची ठरली ती उगाच नाही.

क्रम असा: सहा पन्नासला पोहे चाळणीत. सव्वासातला खोबरं आणि मेवा. साडेसातला फळांची परात. पावणेआठला साखर, वर गुलाब. रस्सा मंद आचेवर. सफरचंद कापायचंच असेल तर अगदी शेवटी, नाहीतर काळं पडतं.

---

काळ्या_मनुका

सरबताचं कोणी लिहिलं नाही म्हणून. छोटे पेले, माणशी ४० मिलिलिटर, म्हणजे १ लिटर. काळ्या मनुका अर्धा किलो, तीन पाण्यांनी धुऊन सव्वा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर, फ्रीजमध्ये. ओट्यावर ठेवल्या तर नवी मुंबईच्या हवेत सकाळपर्यंत फेस येतो. सकाळी हाताने कुस्करून मलमलीतून पिळायचं. साखर नको.

मिक्सर लावणार असाल तर बिनबियांच्याच मनुका घ्या. बी भरडली की सरबत कडू होतं आणि मग त्याला काही उपाय नाही. गाळणं आणि पिळणं शब्बाथात करता येत नाही, तेव्हा गुरुवारी रात्री भिजत आणि शुक्रवारी दुपारी बाटलीत. बाटली गळ्यापर्यंत भरू नका. शुक्रवार रात्रीच्या किदूशलाही (पेल्यावरच्या प्रार्थनेलाही) हेच वापरणार असाल तर प्रमाण दुप्पट.

मनुका आणि खजूर वाशीच्या मसाला मार्केटमध्ये घाऊक मिळतात, ठाण्यात जांभळी नाक्याला. पाकिटातल्या चकचकीत मनुका तेल लावलेल्या असतात, सरबतावर तवंग येतो.

---

पाच_फळे

फळं किमान पाच प्रकारची ठेवायची रीत आहे, जास्त चालतात. डिसेंबरात खजूर, केळी, सफरचंद, संत्री, डाळिंब सहज जमतात. आता बेराखांची, म्हणजे खाण्याआधीच्या आशीर्वचनांची, अडचण कुठे होते ते सांगतो.

केळं झाडाचं फळ धरत नाहीत. केळीचं खोड दरवर्षी मरतं, त्याला लाकूड धरत नाही, म्हणून त्यावर 'बोरे पेरी हाअदामा', जमिनीच्या पिकाची बेराखा. अननसालाही तेच. बाकी झाडाच्या फळांना 'बोरे पेरी हाएत्स'. त्यातही तोरात (यहुदी धर्मग्रंथात) इस्रायल देशाच्या वर्णनात आलेल्या फळांना मान आधी, त्यामुळे खजूर पहिला, मग द्राक्षं, अंजीर, डाळिंब. खजुरावर बेराखा म्हटली की त्याच परातीतली सफरचंदं-संत्री तिच्यातच येतात. म्हणून ताट मांडतानाच केळी एका बाजूला आणि खजूर हजानच्या हाताशी ठेवा. वेळेवर शोधाशोध नको. परातीत प्रत्येकाचं एक तरी अख्खं फळ असू द्या, बेराखा अख्ख्यावर म्हणणं जास्त चांगलं. वाटायची कापलेली फळं वेगळ्या ताटात.

खजूर उघडून बघितल्याशिवाय ठेवू नका! आत बारीक अळी किंवा जाळी असते आणि किडा खाणं कडक निषिद्ध आहे. प्रत्येक खजूर उभा चिरून, बी काढून, उजेडात बघायचा. पन्नास खजुरांना अर्धा तास जातो. सुकं अंजीर तर त्याहून वाईट, भरवसा नसेल तर टाळा. पोह्यांतले पोरकिडे चाळल्यावर दिसतातच.

सुगंधालाही दोन जाती आहेत. गुलाब, मोगरा हे लाकडी खोडाचे, त्यांची बेराखा वेगळी. सब्जा हिरव्या देठाचा, त्याची वेगळी. दोन्ही असतील तर हजानना आधी कल्पना द्या. खोलीत अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर मात्र नको, फुलाचा वास येणार कसा?

बाकीचा क्रम, 'वेयितेन लेखा'चे पसूक (श्लोक) कुठे आणि कोणती बेराखा आधी, हे हजानवर सोपवा. घराघरात फरक आहे.

---

ऐरोली_दोन_खोल्या

भरपूर मिळालं, आभार. मेझुझा राहिली. चौकट सात फुटी आहे. सेफ्टी डोअर त्याच चौकटीच्या बाहेरच्या कडेला बसवलंय आणि त्याच्या बिजागऱ्या आत शिरताना उजवीकडेच येतात.

---

चौकट_आणि_फूटपट्टी

उजवीकडे बिजागऱ्या, म्हणजे अवघड ठिकाणी गाठ आहे, पण मार्ग निघतो.

उंची: चौकटीच्या मोकळ्या उंचीचे तीन समान भाग. वरच्या भागाच्या तळाशी मेझुझा. ८४ इंचांची चौकट असेल तर जमिनीपासून ५६ इंचांवर तिचं खालचं टोक. आत येताना उजव्या हाताचा खांब. चौकटीच्या जाडीत रस्त्याकडची साधारण तीन इंचांची पट्टी ही योग्य जागा. दोन्ही दारं एकाच चौकटीत असल्याने मेझुझा एकच. लोखंडी दार पूर्ण उघडून आणि पूर्ण बंद करून, दोन्ही वेळा फट मोजा. साधारण १२ मिलिमीटर जाडीची सपाट डबी बहुतेक ठिकाणी लोखंडी आणि लाकडी दाराच्या मधल्या पट्टीत बसते. जाड, नक्षीची डबी घेतली की दार आपटून पहिल्याच आठवड्यात फुटते. पट्टीच उरत नसेल तर फोटो काढून हजानना आधी दाखवा, कार्यक्रमाच्या रात्री ड्रिल हातात घेऊन चर्चा नको.

सेफर्दी (मूळच्या स्पेनकडच्या यहुदींच्या) पद्धतीने आपण ती सरळ उभी लावतो. तिरकी दिसली तर ती अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुदी, घरांची रीत.

लाकडी चौकटीला दोन स्क्रू, वर एक आणि खाली एक. नव्या इमारतींत चौकट ग्रॅनाइटची असते, तिथे फोमचा दुहेरी टेप चालतो, पण आधी दगड स्पिरिटने पुसून कोरडा करा आणि टेप वर-खाली दोन्ही टोकांना लावा. नुसती वरून चिकटवलेली डबी लोंबते, आणि लोंबती मेझुझा लावलेली धरत नाहीत.

डबीपेक्षा आतला चर्मपत्राचा तुकडा महत्त्वाचा. तो हाताने लिहिलेला हवा, २२ ओळी. छापील कागद घालून विकलेल्या सुंदर डब्यांचा काही उपयोग नाही. घडी घालायची नाही, शेवटाकडून सुरुवातीकडे गुंडाळायचा. खाडीकाठची दमट हवा आणि पावसाळा शाई उडवतो, म्हणून पातळ प्लास्टिकच्या वेष्टनात घालून मग डबीत. सात वर्षांत दोनदा उघडून तपासायची असा नेम आहे. आपल्याकडे दर दुसऱ्या पावसाळ्यानंतर बघितलेलं जास्त शहाणपणाचं.

आतल्या खोल्या आणि स्वयंपाकघर यांनाही लागते. संडास-बाथरूमला नाही. 'लिकबोआ मेझुझा' ही बेराखा एकदाच म्हणून सगळ्या एकामागोमाग लावायच्या, मध्ये गप्पा नकोत. ठोकाठोकी शब्बाथात होत नाही, म्हणून शुक्रवारच्या आत किंवा शनिवारी हवदालानंतर.

---

बाजूचा_फ्लॅट

शेजारी म्हणून विचारते. आमच्याकडे याला वास्तुशांत म्हणतो, तसंच ना? काय न्यायचं, कसं बसायचं? आणि मलिदा म्हणजे दर्ग्यावर मिळतो तो चपाती-गुळाचा असंच वाटत होतं.

---

सहा_चाळीस

ताई, घरात राहायला येताना देवाचे आभार, एवढं साम्य आहे. मूर्ती नाही, होम नाही, नैवेद्य दाखवणं नाही. बेराखा झाल्यावर ते ताट माणसांनीच खायचं.

शिजवलेलं काही आणू नका, पदार्थ कोणत्या भांड्यात झाला हा प्रश्न येतो आणि यजमानांना नाही म्हणताना कानकोंडं होतं. अख्खी फळं किंवा सुटी फुलं उत्तम. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमालही चालतो. बेराखा संपली की सगळे 'आमेन' म्हणतात, तुम्हीही म्हणा. फळ हातात दिल्यावर लगेच खायचं, पिशवीत ठेवायचं नाही. हवदाला झाली की फोटोला हरकत नसते, त्याआधी पोचलात तर मोबाइल पर्समध्येच राहू द्या.

शब्द एकच, पदार्थ दोन. कुस्करलेलं, चोळलेलं अशा अर्थाचा तो फारसी शब्द आहे. बेने इस्रायलांनी त्यात कोकणातले पोहे आणि नारळ घातले.

---

बाजूचा_फ्लॅट

म्हणजे सगळे ज्यू मलिदा करतात असं नाही?

---

पाच_फळे

नाही. हा बेने इस्रायलांचा, म्हणजे पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, झिराडकर अशी कोकणातल्या गावांची आडनावं लावणाऱ्यांचा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. भायखळ्याचं १८६१चं मागेन डेव्हिड सिनेगॉग किंवा पुण्याचं १८६७चं ओहेल डेव्हिड ज्यांनी बांधलं ते ससून घराणं बगदादी, त्यांच्याकडे मलिदा नाही. कोचीनचे यहुदी मल्याळम बोलणारे, मणिपूर-मिझोरामचे बनेई मेनाशे आणखी वेगळे. प्रार्थनेची चौकट सारखी, पण ताट प्रत्येकाचं आपलं. ठाण्यातलं शआर हशामाईम, १८७९चं, हे बेने इस्रायलांचं. इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोदला स्थायिक झालेल्या मराठी घरांतही मलिदा अजून होतो.

आणि हो, तारखेवर अजून विचार चालू असेल तर शेवात महिन्याची पंधरावी, तू बिश्वात, हा मलिद्याचा खास दिवस. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा मानलेल्या खडकापाशी त्या दिवशी गर्दी असते. यहुदी महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे पंधरावी म्हणजे पौर्णिमाच, पौषातली नाहीतर माघातली. महिना सरकतो याचं कारण अधिक महिना. आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांत येतो, त्यांचा १९ वर्षांत सात वेळा आणि कायम अदार महिन्याच्या जोडीला. तारीख मराठी पंचांगावरून ठरवू नका, यहुदी लुआख (दिनदर्शिका) बघा.

---

ऐरोली_दोन_खोल्या

तारीख डिसेंबरचीच, हजानना तेव्हाच जमतंय. पाव किलो जाडे पोहे आणून ठेवलेत, रविवारी नमुना. पातळ पोह्यांचाही अर्धा वाटा करून बघते. नारळ एकाच्या ऐवजी दीड लागला तर इथे लिहीन.

---

खवणी_आणि_परात

पाव किलोला पाऊणच नारळ घ्या हो, दीड घातलात तर पुन्हा लगदा.